इंडियन कानून, ई-एससीआर आणि ई-कोर्ट्स: कोर्टात सहा महिने वापरल्यानंतर

जिल्हा कोर्टात वकिलांच्या हाताखाली काम शिकणाऱ्या विद्यार्थ्याचं पैसे भरून घेतलेल्या डेटाबेसशिवाय भागतं का? सहा महिने रोज वापरल्यावरचं उत्तर असं: जामीन, निशाणी ५ चे (तात्पुरत्या मनाईचे) अर्ज, चेक न वटल्याच्या तक्रारी, पोटगी या नेहमीच्या कामाला इंडियन कानून (निवाडे शोधण्याचं संकेतस्थळ), ई-एससीआर (सर्वोच्च न्यायालयाच्या अधिकृत निवाडा अहवालाची ऑनलाइन आवृत्ती) आणि ई-कोर्ट्स (प्रकरणांची स्थिती दाखवणारं संकेतस्थळ) ही तीन फुकट साधनं पुरतात. मात्र निवाडा सापडला म्हणजे काम झालं असं नाही. तो आजही कायदा म्हणून उभा आहे का, हे तुम्हालाच तपासावं लागतं, आणि खरा वेळ तिथेच जातो. तो वेळ दिला नाही तर सिनियर भर कोर्टात अडचणीत येतात आणि अशिलाचं नुकसान होतं.

इंडियन कानून

शोधायला सगळ्यात वेगवान हेच. शोध इंग्रजीतच करायचा. बहुतेक जण चौकटीत अख्खं वाक्य लिहितात आणि हजारो निकाल समोर आले की गोंधळतात. त्यापेक्षा कायद्यातला नेमका शब्दप्रयोग अवतरणचिन्हांत घाला. दोन अटी जोडायच्या असतील तर अँड, ऑर, नॉट हे शब्द मोठ्या अक्षरांत लिहा आणि प्रत्येकाचं शेवटचं अक्षर दोनदा टाइप करा. एकदाच टाइप केलं तर तो साधा शब्द समजला जातो. मग न्यायालय निवडा: आधी सर्वोच्च, नंतर मुंबई उच्च न्यायालय. शेवटी तारखेची मर्यादा घाला.

नव्या कायद्यांमुळे तारखेची मर्यादा आता फारच महत्त्वाची झाली आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. नुसतं 'कलम ४८२' शोधलं तर दोन अगदी वेगळ्या विषयांचे निवाडे एकत्र येतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार, म्हणजे फिर्याद रद्द करण्याचे अर्ज. नव्या संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, जो आधी ४३८ मध्ये होता. अंगभूत अधिकार आता ५२८ मध्ये आहेत, आणि नवं ४३८ पुनरीक्षणाचं आहे. म्हणून कलमाबरोबर कायद्याचं नाव घालायचंच. अटकपूर्व जामिनाचा प्रश्न असेल तर जुन्या ४३८ वर एकदा आणि नव्या ४८२ वर एकदा, असे दोन स्वतंत्र शोध घ्या. तत्त्वं सांगणारे मोठे निवाडे अजून जुन्याच क्रमांकाखाली आहेत.

गुन्ह्याला कुठली संहिता लागते हे गुन्ह्याच्या तारखेवरून ठरतं. ३० जून २०२४ च्या घटनेला भारतीय दंड संहिताच. प्रक्रियेचं गणित वेगळं आहे. १ जुलैला प्रलंबित असलेले अर्ज, तपास, खटले जुन्या प्रक्रियेनेच पुढे चालतात, आणि ही तरतूद नव्या संहितेच्या कलम ५३१ मध्ये आहे. शोध सुरू करण्याआधी या दोन्ही तारखा कागदावर लिहून घ्या.

निवाडा जिवंत आहे का?

एक उदाहरण सविस्तर पाहू. सीसीटीव्हीचं चित्रण पेन ड्राइव्हवर दाखल करायचं आहे, प्रमाणपत्र नाही. शोधल्यावर शफी मोहम्मद विरुद्ध हिमाचल प्रदेश हा २०१८ चा निवाडा मिळतो: उपकरण ज्याच्या ताब्यात नाही त्याला जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतचं) प्रमाणपत्र सक्तीचं नाही. वाचून आनंद होतो आणि विद्यार्थी तिथेच थांबतो. पण तो दोन न्यायमूर्तींचा निवाडा आहे. त्याआधी २०१४ मध्ये अन्वर विरुद्ध बशीर प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी प्रमाणपत्र आवश्यक ठरवलं होतं. पुढे २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, (२०२०) ७ एससीसी १ (एससीसी म्हणजे 'सुप्रीम कोर्ट केसेस' हा निवाड्यांचा अहवाल), या जालन्याच्या निवडणूक प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी शफी मोहम्मद रद्दबातल ठरवला. मूळ उपकरणच कोर्टात हजर केलं तर प्रमाणपत्र लागत नाही. ज्याच्याकडे उपकरण आहे तो प्रमाणपत्र देत नसेल तर कोर्टाकडून आदेश मागता येतो.

एवढ्यावरही काम संपत नाही. पुराव्याच्या नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय साक्ष्य अधिनियमात, कलम ६३ च्या प्रमाणपत्राचा नमुनाच आता अनुसूचीत दिला आहे आणि त्याचे दोन भाग आहेत: पहिला ते दाखल करणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. दोन्हींत हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा अंक-अक्षरांचा ठसा) लिहायचं असतं. जुन्या ६५-ब चा टाइप केलेला मसुदा कलम बदलून चिकटवला की हरकत येणारच.

अशी साखळी शोधायची तर 'कोणी उद्धृत केलं' ही यादी उघडा, नव्यापासून जुन्याकडे लावा आणि वरचे दहा-पंधरा निवाडे चाळा. यादीत फक्त उल्लेख दिसतात. तो निवाडा मान्य केला, वेगळा काढला की उलटवला, हे त्या-त्या परिच्छेदात जाऊनच कळतं. बेंचमध्ये किती न्यायमूर्ती होते ते दर वेळी लिहून ठेवा. अटकपूर्व जामिनाला मुदत घालावी असं सांगणारा सलाउद्दीन अब्दुलसमद शेख (१९९६) अजूनही अर्जांत उद्धृत झालेला दिसतो. सुशीला अगरवाल, (२०२०) ५ एससीसी १, मध्ये पाच न्यायमूर्तींनी तो उलटवला आहे.

ई-एससीआर

२ जानेवारी २०२३ ला सुमारे ३४,००० निवाड्यांसह हे सुरू झालं. याची किंमत शीर्षटिपांमध्ये आहे: अधिकृत अहवालातला सारांश आणि त्यात चर्चिलेल्या निवाड्यांची यादी, कुठला अनुसरला, कुठला उलटवला यासकट. शोधाला तीन पर्याय आहेत: कुठलाही शब्द, सगळे शब्द, अख्खा वाक्यांश. सुरुवात 'सगळे शब्द'पासून करावी. शीर्षटीप मात्र कधीच वाचून दाखवू नये. ती न्यायमूर्तींची वाक्यं नसतात.

निवाड्यांची मराठी भाषांतरं मजकूर समजून घ्यायला फार उपयोगी आहेत, विशेषतः मराठी माध्यमातून आलेल्यांना. कोर्टात मात्र इंग्रजी मजकूरच प्रमाण.

मुंबई उच्च न्यायालयाच्या निवाड्यावर आता तटस्थ उद्धरण (कुठल्याही अहवालावर अवलंबून नसलेला न्यायालयाचा स्वतःचा क्रमांक) असतं. वर्ष, मग बीएचसी, मग एएस म्हणजे अपील शाखा, ओएस म्हणजे मूळ शाखा, एनएजी नागपूर, एयूजी औरंगाबाद, गोवा. शेवटी डीबी असेल तर दोन न्यायमूर्तींचं खंडपीठ. एवढ्यावरून वजन चटकन कळतं.

ई-कोर्ट्स

इथे निवाडे शोधण्यापेक्षा स्वतःच्या प्रकरणाचा माग काढावा. १६ अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाची स्वतंत्र ओळख) पहिल्याच दिवशी फाइलच्या कव्हरवर लिहा. पक्षकाराच्या नावाने शोधताना मराठी नावांची इंग्रजी स्पेलिंगं दगा देतात. देशमुख, गायकवाड दोन-तीन तऱ्हांनी टाकून पाहावं लागतं. पुढची तारीख आणि बोर्ड (त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी) इथे पाहिलं तरी रोजनामा (कोर्टाच्या दर तारखेच्या कामाची नोंद) प्रत्यक्ष फाइलमध्ये वाचावा.

उच्च न्यायालयाचा निवाडा वापरणार असाल तर एक पायरी बहुतेक जण गाळतात. सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर प्रकरणाची स्थिती बघताना खालच्या न्यायालयाचा क्रमांक टाकून शोधता येतं. तिथे विशेष अनुमती याचिका (त्या निवाड्याविरुद्ध अपिलाची परवानगी मागणारी) दाखल आहे का, स्थगिती आहे का, हे पाहायचंच.

एआयला विचारून निवाडे मिळवणाऱ्यांसाठी: नाव खरं वाटतं, उद्धरण खरं वाटतं, निवाडा अस्तित्वातच नसतो. न्यूयॉर्कमध्ये २०२३ मध्ये अशा निवाड्यांवरून वकिलांना ५,००० डॉलर दंड झाला. मूळ मजकूर उघडून वाचल्याशिवाय एकही नाव टिपणात घालू नका.

सिनियरना काय द्यायचं

एक पान. वर प्रश्न एका वाक्यात, मग उत्तर, मग तीनच निवाडे: नाव, तारीख, बेंच, परिच्छेद क्रमांक आणि आपल्या प्रकरणाशी तथ्यं कुठे जुळतात, कुठे नाही. निशाणी ५ ला दलपत कुमार, (१९९२) १ एससीसी ७१९, कोर्टाला पाठ असतो. त्यावर वेळ घालवण्यापेक्षा ताब्याचा वाद असेल तर रामे गौडा, (२००४) १ एससीसी ७६९, आणि मालकीवरच शंका असेल तर अनाथुला सुधाकर, (२००८) ४ एससीसी ५९४, नीट वाचा. विरोधात जाणारा निवाडा शेवटी वेगळा लिहा. समोरचा वकील तो आणणारच.

प्रतींचे तीन संच काढा: कोर्टाला, समोरच्याला, स्वतःला. पहिलं पान आणि खूण केलेला परिच्छेद यांवर चिकटपट्टी लावा. परिच्छेद क्रमांक ज्या प्रतीतून घेतला तीच प्रत द्या. इंडियन कानूनची छापील प्रत आणि एससीसीची प्रत यांत क्रमांक मागेपुढे होतात, आणि न्यायाधीश ४१ वा परिच्छेद उघडतात तेव्हा तिथे भलतंच काही असतं.