अंडरड्राइव्ह पुली: बसवावी की मूळचीच राहू द्यावी?

क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुढच्या टोकावरची पुली बेल्टच्या साहाय्याने अल्टरनेटर (गाडीसाठी वीज बनवणारं यंत्र), एसीचा कॉम्प्रेसर, बऱ्याच गाड्यांत वॉटर पंप आणि हायड्रॉलिक स्टीअरिंग असेल तर त्याचाही पंप फिरवते. ही पुली लहान केली की बेल्टचा वेग घटतो, ही सगळी यंत्रं हळू फिरतात आणि त्यांच्यावर खर्च होणारी थोडी ताकद चाकांना मिळते. कल्पना खरी आहे. पण ती बसवायची की नाही हे ठरवताना ताकद कुठून वाचते आणि तिच्या बदल्यात काय जातं, हे पाहायला हवं.

आधी एक गोंधळ दूर करू. अंडरड्राइव्ह म्हणजे व्यासाने लहान पुली. हलकी पुली म्हणजे मूळच्याच व्यासाची, पण ॲल्युमिनिअमची. बाजारात दोन्ही गुण एकाच पुलीत बऱ्याचदा मिळतात आणि जाहिरातीत त्यांची सरमिसळ होते. म्हणून निवड तीन गोष्टींत आहे: मूळची पुली, डॅम्परसह (क्रँकशाफ्टचं कंपन शोषणाऱ्या भागासह) येणारी अंडरड्राइव्ह पुली आणि डॅम्पर नसलेली सॉलिड हलकी पुली.

ताकद किती वाचते?

समजा, वेग 20 टक्क्यांनी कमी केला. वॉटर पंपाला लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. 0.8 चा घन 0.51, म्हणजे पंपाचा खर्च जवळजवळ निम्म्यावर येतो. हा फायदा खरा आहे, पण तो जाणवतो वरच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन जोरात फिरत असताना.

अल्टरनेटरचं तसं नाही. हेडलाइट, पंखे, इंधन पंप मिळून 50 अँपिअर घेत असतील, तर 14 व्होल्टला ते 700 वॅट झाले. अल्टरनेटर हळू फिरला म्हणून गाडीची विजेची गरज घटत नाही. अल्टरनेटरचा रेग्युलेटर त्याच्या फील्डचा (चुंबकीय गुंडाळीचा) प्रवाह वाढवून तेवढीच वीज काढतो आणि इंजिनावरचा भार जवळपास तसाच राहतो. वाचतं ते घर्षण आणि अल्टरनेटरच्या पंख्याला होणारा हवेचा अडसर, बस्स. एसीचं म्हणाल, तर अनेक गाड्यांत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर ईसीयू (इंजिनाचा संगणक) कॉम्प्रेसर स्वतःच बंद करतो. आणि इलेक्ट्रिक स्टीअरिंग असलेल्या गाडीत पंपच नसतो, मग वाचवायचं काय?

त्यामुळे जुन्या, मोठ्या व्ही-8 इंजिनावर, हायड्रॉलिक स्टीअरिंग आणि बेल्टवरचा पंखा असताना, फरक ठळक दिसू शकतो. आजच्या छोट्या चार सिलिंडरच्या गाडीत मी दोन-चार अश्वशक्तीपेक्षा जास्त अपेक्षा ठेवणार नाही. एकाच गाडीच्या डायनोवरच्या (ताकद मोजणाऱ्या यंत्रावरच्या) लागोपाठ दोन फेऱ्यांतही एक-दोन टक्क्यांचा फरक सहज पडतो, तेव्हा एका फेरीचा कागद पुरावा म्हणून धरू नका.

बदल्यात काय जातं?

आयडलिंगचा, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असतानाचा, विचार करा. इंजिन 800 आरपीएमला असताना अल्टरनेटर साधारण 2000 ते 2400 आरपीएमने फिरतो. नेमक्या याच टप्प्यात त्याची क्षमता वेगाबरोबर झपाट्याने बदलते. तिथे 20 टक्के वेग काढून घेतला, की रात्री सिग्नलला हेडलाइट, एसी आणि वायपर एकत्र चालू असताना तूट बॅटरीतून भरली जाते. एसीचा गारवा कमी होतो, हायड्रॉलिक स्टीअरिंग पार्किंग करताना जड लागतं, वाहतूक कोंडीत पाण्याचं अभिसरण मंदावतं. रोज शहरात चालणाऱ्या गाडीचा बराच वेळ याच अवस्थेत जातो. ट्रॅकवरची गाडी याच्या उलट: आरपीएम सतत वर, एसी काढून टाकलेला. तिथे पंप अतिवेगाने फिरून पाण्यात बुडबुडे होण्याचा आणि स्टीअरिंगचं तेल तापण्याचा धोका असतो, आणि अंडरड्राइव्ह पुली तो कमी करते. हिचं खरं काम तिथलंच आहे.

डॅम्पर: इथे तडजोड नको

प्रत्येक स्फोटागणिक क्रँकशाफ्टला किंचित पीळ बसतो आणि तो सुटतो. ठरावीक आरपीएमला हे कंपन क्रँकच्या नैसर्गिक कंपनाशी जुळतं आणि वाढत जातं. अनेक इंजिनांत मूळच्या पुलीचा मधला भाग आणि बाहेरची कडी यांच्यामध्ये रबर असतं. ती कडी आणि रबर मिळून हे कंपन शोषतात. सॉलिड पुली बसवली की हे संरक्षण गेलं. सरळ सहा सिलिंडरच्या इंजिनात क्रँक लांब, म्हणून धोका अधिक. काही इंजिनांत ऑइल पंपाचे गिअर थेट क्रँकच्या पुढच्या टोकावर बसतात. कंपनाने ते तडकले तर तेलाचा दाब जातो आणि पाठोपाठ इंजिनही.

“ते रबर फक्त आवाज कमी करायला असतं” असं विक्रेते सांगतात. काही इंजिनांत ते खरंही असतं. पण तुमच्या इंजिनात काय आहे, ते कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहा. तिथे त्या भागाला ‘डॅम्पर’ किंवा ‘बॅलन्सर’ म्हटलं असेल, तर सॉलिड पुलीचा विषय मी तिथेच सोडेन. पुलीवर संतुलनासाठी वजन दिलेलं असेल, तर बिनवजनाची पुली बसवून इंजिनाचं संतुलनच बिघडतं.

हलकेपणाचा फायदाही छोटाच आहे. जडत्व त्रिज्येच्या वर्गाप्रमाणे वाढतं. पुलीतून एक किलो कमी करण्यापेक्षा दुप्पट त्रिज्येवर फ्लायव्हीलमधून (क्रँकच्या मागच्या टोकावरच्या जड चाकातून) एक किलो कमी केला, तर परिणाम चौपट होतो.

माझा कौल

रोजच्या गाडीत मूळची पुली राहू द्या आणि तेच पैसे चांगल्या टायरवर घाला. टर्बो गाडी असेल, तर नीट केलेलं ईसीयू ट्यूनिंग कितीतरी जास्त देतं. ट्रॅकसाठी वेगळी ठेवलेली गाडी असेल, तर डॅम्परसह अंडरड्राइव्ह पुली जरूर घ्या. क्रँकवरून चालणारा सुपरचार्जर (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंप) असेल, तर लहान पुलीने बूस्टच, म्हणजे तो हवेचा दाबच, घटेल. 48 व्होल्टचा बेल्ट स्टार्टर-जनरेटर (बेल्टनेच इंजिन सुरू करणारी आणि वीजही बनवणारी मोटर) असलेल्या माइल्ड हायब्रिडच्या वाटेलाही जाऊ नका.

बसवायचीच ठरली, तर बेल्ट योग्य लांबीचा घ्या, नाहीतर तो घसरेल. क्रँकचा बोल्ट काही इंजिनांत एकदाच वापरायचा असतो, तिथे नवाच लावा आणि टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्याइतकाच आवळा. क्रँक सेन्सरचं दातेरी चाक पुलीवर असेल, तर नव्या पुलीवर तेच दाते, त्याच जागी आहेत का ते ताडून पाहा. मग रात्री सगळे दिवे आणि एसी लावून, आयडलिंगला, बॅटरीवर मल्टिमीटर धरा. आकडा 13 व्होल्टच्या खाली उतरून तिथेच राहिला, तर जुनी पुली परत चढवा.