त्रिनिदाद की बार्बाडोस, प्रोजेक्टला कुठलं घ्यायचं?

भाची पॉलिटिकल सायन्सला आहे, कॅरिबियनमधलं एक प्रजासत्ताक निवडायचंय आणि ती या दोघांत अडकलीय. ब्रिटनच्या राणीला बाजूला करून राष्ट्रपती दोघांनीही आणला, त्रिनिदादने १९७६ला, बार्बाडोसने पार २०२१ला. खरी सत्ता दोन्हीकडे पंतप्रधानाकडेच.

सिनेट दोन्हीकडे नेमलेलं, ३१ आणि २१ जणांचं, त्यात फार वेळ घालवू नकोस.

राष्ट्रपतीचं वजन बघायचं तर त्रिनिदाद. २००१च्या निवडणुकीत दोन पक्षांची १८-१८ जागांवर बरोबरी झाली, राष्ट्रपती रॉबिन्सननी मॅनिंगना पंतप्रधान केलं, पण संसदेला साधा स्पीकरसुद्धा निवडता येईना आणि २००२ला परत निवडणूक! बार्बाडोसमध्ये नेमकं उलटं, २०१८ आणि २०२२ला पंतप्रधान मिया मॉटलींच्या पक्षाने ३०च्या ३० जागा घेतल्या, म्हणजे निकालाच्या दिवशी सभागृहात विरोधक एकही नाही, हे मला खरंच काळजीचं वाटतं.

शेवटचं अपील त्रिनिदादचं अजून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जातं, कॅरिबियन कोर्ट ऑफ जस्टिस (कॅरिबियन देशांचं सामाईक कोर्ट) त्यांच्याच राजधानीत, पोर्ट ऑफ स्पेनमध्ये असूनही. बार्बाडोस मात्र या कॅरिबियन कोर्टाकडेच जातं.

घटनात्मक पेच लिहायचा असेल तर त्रिनिदाद घे, राजेशाही सोडण्याचा ताजा अनुभव किंवा एकपक्षी संसद अभ्यासायची असेल तर बार्बाडोस.