सिल्व्हियाला मोठे इंजेक्टर बसवल्यावर: पिगीबॅक, मूळ ईसीयू की स्टँडअलोन?

टर्बो गाडीचं ट्यूनिंग झालं की प्रत्येक जण आधी डायनोचा (पॉवर मोजणाऱ्या यंत्राचा) कागद पुढे करतो. मी दोन गोष्टी विचारतो. रात्रभर बाहेर उभी असलेली गाडी सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होते का? आणि सिग्नलला एसी व हेडलाइट लावून उभी असताना आरपीएमचा काटा जागेवर राहतो का? फुल थ्रॉटलला बऱ्यापैकी पळणारी गाडी कुणीही करून देतो. ट्यूनिंगचा खरा कस आयडलला, म्हणजे पाय न देता इंजिन नुसतं चालू असताना, लागतो.

मी मेलबर्नला राहतो. माझ्याकडे निसान २००एसएक्स आहे, म्हणजे जपानची सिल्व्हिया एस१४. दोन लिटरचं एसआर२०डीईटी इंजिन. एस१३ (आधीची पिढी) आणि एस१४ला कंपनीचे मिनिटाला ३७० सीसी पेट्रोल फवारणारे इंजेक्टर येतात, एस१५ला (नंतरची पिढी) ४८०चे. टर्बो बदलला, बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) वाढवला की ३७०चे पुरत नाहीत. मग माणूस ५५० किंवा ७४०चे आणतो आणि तिथेच प्रश्न उभा राहतो: इंजेक्टर मोठे झाले हे ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, सांगायचं कसं? पर्याय तीन आहेत आणि मी दोन वापरून पाहिलेत. तिसरा मित्राच्या एस१५वर रोज पाहतो.

पहिला पर्याय पिगीबॅक, अ‍ॅपेक्सीच्या एस-एएफसीसारखी डबी. ती एअरफ्लो मीटर (आत येणारी हवा मोजणारा) आणि ईसीयू यांच्या मध्ये बसते आणि हवेचा सिग्नल कमी करून पुढे पाठवते. ३७०च्या जागी ५५० आले तर सिग्नल साधारण ३३ टक्क्यांनी खाली आणायचा. ईसीयूला वाटतं हवा कमी आली, म्हणून तो इंजेक्टर कमी वेळ उघडतो आणि मिश्रण जुळतं. स्वस्त, अर्ध्या दिवसाचं काम, आणि गाडी विकताना काढूनही घेता येते.

पण त्याच सिग्नलवरून ईसीयू लोड (इंजिनावरचा भार) ठरवतो आणि लोडवरून इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगी कधी पाडायची ते. हवा कमी दिसली की लोड कमी दिसतो, आणि कमी लोडला टायमिंग जास्त पुढे असतं. म्हणजे इंजिनावर पूर्ण बूस्ट, आणि ठिणगी मात्र हलक्या पायाने चालवताना पडावी इतकी लवकर. नॉकिंगला, म्हणजे मिश्रण सिलिंडरमध्ये भलतंच स्फोटासारखं पेटण्याला, हे आमंत्रणच. माझ्या गाडीला एका वर्कशॉपने अशी डबी बसवून दिली, वाइडबँडवर (मिश्रण मोजणाऱ्या सेन्सरवर) मिश्रण व्यवस्थित दाखवलं, आणि टायमिंगबद्दल अवाक्षर काढलं नाही. तीन महिन्यांनी दुसऱ्या ट्यूनरने हेडफोन लावून इंजिनाचा आवाज ऐकवला तेव्हा मला कळलं मी काय चालवत होतो. पिस्टन वाचले, याचं अजून बरं वाटतं.

आयडललाही डबी कमीच पडते. आयडलवर ईसीयू ऑक्सिजन सेन्सर पाहून स्वतः दुरुस्ती करत असतो. तुम्ही डबीतून पेट्रोल कमी करता, तो थोड्या वेळाने भरून काढतो, आणि दोघांची ओढाताण काट्यावर दिसते. शिवाय मोठ्या इंजेक्टरचा विलंब डबीला सांगताच येत नाही.

हा विलंब नीट समजून घ्या, सगळी गोम त्यात आहे. वीज मिळाल्यापासून इंजेक्टर प्रत्यक्ष उघडेपर्यंत साधारण एक मिलिसेकंद जातो, आणि व्होल्टेज घसरलं की तो वेळ वाढतो. समजा जुन्या इंजेक्टरला आयडलवर खरी फवारणी दीड मिलिसेकंद लागायची. दुप्पट मोठ्या इंजेक्टरला पाऊणच लागेल. विलंबाच्या आकड्यात ०.१ मिलिसेकंदाची चूक असेल तर जुन्यावर फरक सुमारे ७ टक्के, नव्यावर १३. पूर्ण बूस्टवर, जिथे फवारणी बारा-बारा मिलिसेकंद चालते, तीच चूक एक टक्काही भरत नाही. डायनोवर छान निघालेली गाडी घरी येऊन रेडिएटर फॅन लागून व्होल्टेज घसरलं की आचके देते, ती यामुळे.

दुसरा पर्याय मूळ ईसीयूच पुन्हा लिहिण्याचा. निसानसाठी ऑस्ट्रेलियातच तयार होणारं निस्ट्यून आहे. मूळ कॉम्प्युटर उघडून त्यात छोटा बोर्ड सोल्डर करतात, मग लॅपटॉपवरून आतले नकाशे बदलता येतात. इथे इंजेक्टरचं माप खरंखुरं सांगता येतं: के नावाचा गुणांक त्या प्रमाणात कमी करायचा, विलंब वेगळा भरायचा, आणि लोडचे कप्पे त्याच प्रमाणात पुन्हा आखायचे. हे शेवटचं विसरलं तर टायमिंगची तीच डबीवाली चूक परत होते. ट्यूनरला हे आवर्जून विचारा.

या मार्गाचा मोठा फायदा म्हणजे कंपनीच्या अभियंत्यांनी गार इंजिनासाठी, एसीसाठी, पॉवर स्टिअरिंगच्या ओढीसाठी केलेलं सगळं काम तसंच राहतं. माझी गाडी आज याच मार्गाने चालते. ५५०चे इंजेक्टर, ३००झेडएक्सचा मोठा एअरफ्लो मीटर, आणि जूनच्या थंडीतही कंपनीच्या गाडीसारखी सुरू होते. मर्यादा एअरफ्लो मीटरची. मीटरने मोजलेली हवा ब्लो-ऑफ व्हॉल्व्हने (थ्रॉटल सोडल्यावर टर्बोची अडकलेली हवा सोडणाऱ्या) बाहेर सोडली तर ईसीयू तिच्यापुरतं पेट्रोल टाकतोच. मिश्रण घट्ट होतं आणि क्लच दाबून सिग्नलकडे येताना गाडी बंद पडते. व्हॉल्व्हची हवा पाइपने परत इनटेकमध्ये वळवायची. तो फुस्स आवाज प्रिय असेल तर हा मार्ग तुमचा नाही.

तिसरा, स्टँडअलोन, म्हणजे मूळ ईसीयूच्या जागी पूर्ण वेगळा ईसीयू. सिडनीचं हॅलटेक आणि न्यूझीलंडचं लिंक इथे जास्त दिसतात. बहुतेक जण एअरफ्लो मीटर काढून टाकतात आणि इनटेकमधला दाब व तापमान यांवरून हवेचा हिशेब करतात. ब्लो-ऑफचा त्रास संपतो, इथेनॉलचं प्रमाण मोजणारा फ्लेक्स-फ्युएल सेन्सर लावता येतो, तेलाचा दाब पडला तर इंजिन थांबवता येतं. ई८५ (८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं इंधन) वापरायचं असेल तर मी दुसरं काही सुचवणार नाही, कारण त्याला पेट्रोलपेक्षा ३० ते ४० टक्के जास्त इंधन लागतं आणि पंपागणिक इथेनॉलचं प्रमाण बदलतं. मिश्रण तेव्हा लॅम्डात वाचायची सवय लावा. लॅम्डा १ म्हणजे इंधन पूर्ण जळायला नेमकी लागेल तितकी हवा: वजनाने शुद्ध पेट्रोलला १४.७ पट, ई८५ला ९.८च्या आसपास. पुण्या-मुंबईत टर्बो गाडी ट्यून करणाऱ्यांनाही हे लागू आहे. तिथल्या ई२०ला तो आकडा साधारण १३.५ येतो.

किंमत मात्र फक्त ईसीयूची नसते. आयडल पूर्ण कोऱ्या पाटीवर उभा करावा लागतो: किती तापमानाला आयडल व्हॉल्व्ह किती उघडा, एसी लागला की किती वाढवायचा, आरपीएम घसरला की टायमिंग किती पुढे करून सावरायचं. मोठे कॅम (इंजिनाचे व्हॉल्व्ह जास्त उघडणारे) असतील तर आयडलचा दाबच थरथरतो आणि हिशेब डळमळतो.

यातलं काहीही निवडण्याआधी इंजिन निरोगी आहे का ते पाहा. फुटलेला व्हॅक्यूम पाइप, मळलेला आयडल व्हॉल्व्ह, बिघडलेला कूलंट सेन्सर, यांवर कोणतंही ट्यूनिंग चालत नाही. फ्युएल प्रेशर रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढून ३ बार दिसायला हवं. इंजिन गरम करून, थ्रॉटल सेन्सरचा कनेक्टर काढून बेस आयडल आणि टायमिंग लावून घ्या. एसआरला टायमिंग १५ अंश, आयडल ८५०च्या आसपास.

साधं ९८ ऑक्टेन पेट्रोल, ५५० ते ७४०चे इंजेक्टर, रोज ऑफिसला जायची गाडी: दुसरा पर्याय, डोळे झाकून. ई८५, मोठे कॅम किंवा मीटरच्या पलीकडची पॉवर: तिसरा. डबी मी फक्त त्याला सांगेन ज्याचे इंजेक्टर कंपनीचेच आहेत आणि ज्याला चार-पाच टक्के मिश्रण सुधारायचंय.

आणि तिसरा घेतलात तर ट्यूनरला एक विचारा: गाडी किती रात्री ठेवून घेणार? गार इंजिनाचे आकडे डायनोवर भरता येत नाहीत. इंजिन एकदा गरम झालं की दुसऱ्या सकाळपर्यंत थांबावंच लागतं, म्हणजे दिवसाला एकच संधी. माझ्या मित्राच्या एस१५ला अशा पाच सकाळी लागल्या.