बीए झाल्यावर काढलेलं यूडीआयडी कार्ड

मला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. मशीन लावून बीए झालं, म्हणून आई म्हणायची, "कागदावर अपंग कशाला लिहून घेतेस? उद्या तुझं लग्नाचं बघायचंय." पण मला स्पर्धा परीक्षा द्यायच्या आहेत, आणि सरकारी नोकरीतल्या 4 टक्के आरक्षणासाठी किमान 40 टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. बरेच महिने घालमेल झाली, मग यूडीआयडीसाठी, म्हणजे अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्रासाठी, अर्ज केला.

हा अर्ज करायचं सरकारी स्वावलंबन पोर्टल चांगलं आहे. माहिती भरली की नोंदणी क्रमांक येतो, अर्ज कुठवर पोचलाय तेही दिसतं. खरी कसोटी दवाखान्यात. कानाच्या तपासणीच्या खोलीबाहेर शिपाई नावं पुकारत होता, आणि बाहेर बसलेल्या आम्हा सगळ्यांना ऐकूच येत नव्हतं! नंबर दाखवणारा साधा बोर्ड तिथे हवाच हवा. आतल्या ऑडिओलॉजिस्ट ताई मात्र फार चांगल्या. ओठ दिसतील अशा समोर बसून सावकाश बोलल्या, बेरा तपासणी (आवाजाला कानाची नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते बघणारी) नीट समजावली.

कार्ड पिवळं आलं, म्हणजे 40 ते 79 टक्के. आईने ते स्वतःच लॅमिनेट करून आणलं. जाणार असाल तर जुने ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचे रिपोर्ट, सोबत ठेवा.