एकच कॅमेरा: १२० एमएम मिनी की २२४ एमसी?

दुर्बिणीला लावून ग्रह टिपायचे आणि गायडिंगही करायचं, तर कोणता एक घ्यावा? झेडडब्ल्यूओ कंपनीच्या या दोन्ही खगोल-कॅमेऱ्यांचा पिक्सेल ३.७५ मायक्रॉनचाच, फरक वेगात. पूर्ण चौकटीत मिनी सेकंदाला जेमतेम ३५ फ्रेम देतो, २२४ सुमारे १५०. ग्रहाचं चित्र चित्रफितीतल्या चांगल्या फ्रेम एकत्र करून बनतं. गुरू भराभर फिरतो, तपशील पुसट होतात, म्हणून चित्रफीत दोनेक मिनिटांत आटपावी लागते: ४,२०० फ्रेम की १८,००० हा खरा प्रश्न. गोव्यातून गुरू सध्या जवळजवळ डोक्यावर येतो, मग हात आखडता का?

गायडिंगला, म्हणजे एका ताऱ्यावर नजर ठेवून दुर्बीण नेमकी रोखून धरायला, मात्र मिनी सरस. कृष्णधवल असल्याने मंद तारे सहज पकडतो, हलकाही आहे. रंगीत २२४ ने गायडिंग करायचं तर एक्स्पोजर दोन सेकंदांवर न्या, आयआर-कट (अवरक्त प्रकाश अडवणारा) फिल्टर काढा. ग्रहांसाठी तो परत लावा, नाहीतर रंग बिघडतात. २२४ ची जाड केबल बांधून ठेवा, लोंबकळली की तारा सरकतो.

आम्ही २२४ घेऊ. पावसाळ्यात मात्र सिलिका जेलच्या डब्यातच. इथल्या दमटपणात काचेवर बुरशी धरते.