नेटवर्क नसलेल्या मतदान केंद्रावर काय द्यावं: वायरलेस, सॅटेलाइट फोन की निरोप घेऊन जाणारा रनर?

ईव्हीएम आणि मताची चिठ्ठी दाखवणारं व्हीव्हीपॅट बॅटरीवर चालतात, त्यांना नेटवर्क लागत नाही. गडचिरोलीतल्या भामरागड-एटापल्लीच्या जंगलात किंवा नंदुरबारमधल्या धडगावच्या डोंगरात टॉवर नसला म्हणून मतदान अडत नाही. अडतो तो निरोप. मॉक पोल (मतदानाआधीची यंत्रांची चाचणी) झाला, मतदान सुरू झालं, दर दोन तासांची आकडेवारी आणि सगळ्यांत निकडीचा म्हणजे ‘यंत्र बंद पडलं’. तालुक्याचा संपर्क आराखडा तुमच्याकडे असेल, तर हा शेवटचा निरोप डोळ्यांसमोर ठेवूनच साधन निवडा.

पोलिसांचा व्हीएचएफ वायरलेस आणि सॅटेलाइट फोन यांच्या अडचणी एकमेकांच्या अगदी उलट आहेत. वायरलेसला डोंगर आडवा येतो, छप्पर सहसा नाही. रिपीटर (संदेश पकडून पुढे पाठवणारं यंत्र) उंचावर असेल आणि मध्ये डोंगराची सोंड नसेल, तर शाळेच्या खोलीतूनही बोलता येतं. सॅटेलाइट फोनला मात्र छप्पर अडवतं. आपल्याकडे परवानगी आहे ती बीएसएनएलमार्फत मिळणाऱ्या इन्मारसॅटच्या फोनना. त्यांचा उपग्रह विषुववृत्तावर, म्हणजे इथून दक्षिणेच्या आकाशात बराच वर असतो. म्हणून दरीतही तो बहुतेकदा दिसतो, पण अँटेना उघडून मोकळ्या अंगणात उभं राहावं लागतं. दाट झाडाखालीही रेंज जाते. मतदान चालू असताना केंद्राध्यक्षांनी टेबल सोडून बाहेर जावं, हे मला पटत नाही. फोन पथकातल्या दुसऱ्याकडे द्या आणि पथक पोहोचल्या दिवशीच जागा पाहून चाचणी कॉल करायला सांगा. थुराया, इरिडियमचे संच कोणी मदत म्हणून दिले तरी घेऊ नका, ते भारतात बेकायदेशीर आहेत.

वायरलेसवर बेस कॅम्प, काही केंद्रांवर देखरेख ठेवणारा सेक्टर अधिकारी आणि नियंत्रण कक्ष सगळे एकदम ऐकतात, हा मोठा फायदा. पण नऊ वाजता सगळी केंद्रं एकदम बोलू लागली की चॅनेल तुंबतं. केंद्रांना पाळी ठरवून द्या. आकडे सुटे वाचावेत, ‘पुरुष एक-चार-दोन, स्त्री एक-सहा-शून्य’, आणि ऐकणाऱ्याने ते परत म्हणून दाखवावेत.

रनर दोन तासांच्या आकडेवारीला पुरा पडत नाही. तरीही तो प्रत्येक केंद्रावर हवाच, कारण त्याची बॅटरी उतरत नाही. वाट माहीत असलेला गावातलाच माणूस घ्या. मणिबेलीसारख्या नर्मदाकाठच्या गावात रनर म्हणजे नावाडी आणि डिझेल भरलेली बोट.

माझं मत: जिथे वायरलेस पोहोचतो तिथे तोच द्या, आणि मोजके सॅटेलाइट फोन डोंगराआडच्या केंद्रांसाठी राखून ठेवा.

पण त्याआधी राखीव यंत्रं कुठे आहेत ते बघा. मतदान सुरू असताना कंट्रोल युनिट (अधिकाऱ्याकडचा भाग) किंवा बॅलट युनिट (मतदार बटण दाबतो तो भाग) बिघडलं तर संपूर्ण संच बदलावा लागतो, फक्त व्हीव्हीपॅट बिघडलं तर तेवढंच. म्हणून काय बिघडलं ते निरोपात नेमकं सांगायला पथकाला शिकवा. १९ एप्रिल २०२४ ला गडचिरोली-चिमूरच्या दुर्गम भागांत मतदान दुपारी ३ पर्यंतच होतं. अशा दिवशी राखीव संच तालुक्याला पडून असेल, तर कितीही झटपट फोन लागला तरी रांगेतला मतदार ताटकळतच राहणार. तो संच सेक्टर अधिकाऱ्याच्या गाडीत, आणि गाडी जिथवर जाते त्या शेवटच्या गावात उभी हवी.