१२० वॅटचा शॉवर पंप: बिचारा चांगलाय, पण आधी पाइप कापून बघा

आमचं घर ठाण्यात पाचपाखाडीत, जुनी बिल्डिंग, सातवा म्हणजे शेवटचा मजला आणि डोक्यावर टेरेसची टाकी. शॉवर असा की खाली उभं राहिलं तर पाणी पडतंय की घाम येतोय कळू नये. आईचं एकच पालुपद, अगं टाकीच्या इतक्या जवळ राहतो आपण, पाणी तर आपल्याकडेच जोरात यायला हवं! इथेच गफलत होते. पाण्याला जवळ-लांब कळत नाही, उंची कळते. टाकीतल्या पाण्याची पातळी आमच्या शॉवरच्या जेमतेम अडीच मीटर वर, आणि १० मीटर उभ्या पाण्याचं प्रेशर साधारण १ बार, म्हणजे आमच्या वाट्याला पाव बार. तळमजल्यावरच्या काकूंकडे तेच पाणी अजून २१ मीटर उतरून जातं, त्यांना दोन बारच्या वर मिळतं, त्यांचा नळ जरा जास्त उघडला की बादली नाचते. आमच्या नव्या शॉवरच्या बॉक्सवर तर बारीक अक्षरात किमान ०.५ बार लिहिलं होतं, ते मी बसवून झाल्यावर वाचलं.

म्हणून पंप घेतला. तो छोटा इनलाइन येतो ना, भिंतीवर पाइपच्या मधेच बसतो, नळ उघडला की आपोआप चालू, तसा, साडेचार हजाराच्या आसपास. बॉक्सवर मोठ्या अक्षरात ९ मीटर हेड (म्हणजे पंप पाणी जितकं उंच चढवू शकतो ते), २५ लिटर प्रति मिनिट. दुकानदार म्हणाला मॅडम, फाइव्ह स्टार हॉटेलसारखा शॉवर होईल, आता हे वाक्य तो दिवसाला किती जणांना ऐकवत असेल देव जाणे. पण बॉक्सवरचे हे दोन आकडे कधीच एकत्र मिळत नाहीत, हे मात्र लक्षात ठेवा. ९ मीटर मिळतं नळ बंद असताना, आणि २५ लिटर मिळतं पुढे काहीच अडथळा नसताना. खऱ्या घरात पंप कुठेतरी मधे चालतो, आणि कुठे ते तुमची पाइपलाइन ठरवते, पंप नाही.

मी बसवायच्या आधी मोबाइलवर स्टॉपवॉच लावून २० लिटरची बादली भरून बघितली होती (नवरा हसत होता, हसू दे). बरोबर चार मिनिटं, म्हणजे मिनिटाला ५ लिटर.

पहिल्या दिवशी पंप नुसता गुरगुरला, पाणी आधीपेक्षा कमी! मी लगेच रिटर्नची पावती शोधायला लागले. प्लंबर काका, कळव्याहून येतात, माणूस कमी बोलणारा, त्यांनी युनियन (पाइपचा उघडता येणारा जोड) थोडं ढिलं केलं, फुस्स करून हवा गेली, मग पाणी ठिबकायला लागलं, परत आवळलं आणि पंप चालू झाला. काका म्हणाले ताई, ह्याला पाणी द्या, हवा नाही ढकलता येत ह्याला. आणि खरंच आहे ते. पंपातला पंखा आत जे काही असेल त्याचा ९ मीटरचा स्तंभ उचलू शकतो, पण आत हवा असेल तर ९ मीटर हवेचा, आणि हवा पाण्यापेक्षा आठशे पट हलकी, म्हणजे जोर झाला सेंटिमीटरभर पाण्याएवढा. तेवढ्यात काय होणार. तेव्हा पहिल्याच दिवशी पंपाला शिव्या देऊ नका, आधी हवा काढा.

हवा गेल्यावर बादली दोन मिनिटांत. मिनिटाला १० लिटर, डबल! मी खूश. काका खूश नव्हते. म्हणे एवढा जोर लावूनही मिनिटाला दहाच लिटर? हेड तर अडीच मीटरवरून कितीतरी वर नेलंय तुम्ही. त्यांचं म्हणणं लाइन जाम आहे, टेरेसवरून आमच्याकडे येणारी जुनी अर्धा इंची जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची) डाऊनटेक लाइन. सोसायटीच्या सेक्रेटरींना पटवण्यात तीन आठवडे गेले, ते पुराण इथे नको.

पाइप कापला तेव्हा मी तिथेच होते. आत १५ मिमी भोक असायला हवं होतं, पण चहूबाजूंनी गंजाचे गाठोळे, तांबडे-काळे, चिकूच्या सालीसारखे खरखरीत. माझी करंगळी जाईना, पेन्सिल गेली. म्हणजे धरा १० मिमी. आता कुणाला वाटेल भोक दोन तृतीयांश झालं तर पाणीही दोन तृतीयांश येईल, पण तसं नसतं. नळाच्या पाइपात पाणी शांत थरांत वाहत नाही, भोवरे करत गोंधळ घालत जातं (ऑसबोर्न रेनॉल्ड्स नावाच्या इंजिनिअरने १८८३ मध्ये काचेच्या नळीत रंग सोडून हाच फरक दाखवला होता), आणि अशा वाहण्यात तेवढंच पाणी ढकलायला लागणारं प्रेशर व्यास कमी झाला की साधारण पाचव्या घाताने वाढतं. १५ चे १० झाले की साडेसात पट, आणि गंजाचा खडबडीतपणा वेगळा. आमच्या पंपाची सगळी मेहनत त्या गाठोळ्यांवर घासण्यात जात होती.

पाऊण इंची सीपीव्हीसीची (प्लास्टिकची) लाइन टाकली, एल्बो म्हणजे वळणाचे जोड शक्य तितके कमी, टेरेसवर एक नवीन व्हॉल्व्ह. आणि मग गंमत म्हणून पंपाचा स्विच बंद ठेवून बादली लावली. दोन मिनिटं बारा सेकंद. पंपाशिवाय! म्हणजे जे मी साडेचार हजाराला विकत घेतलं होतं ते जवळपास नुसत्या पाइपात होतंच. नवरा परत हसला, यावेळी मला उत्तर सुचलं नाही. पंप चालू करून सव्वा मिनिट, मिनिटाला १६ लिटर, आता शॉवर खरंच शॉवर वाटतो.

पंपाबद्दल बाकीचं थोडक्यात. आवाज फ्रिजपेक्षा जास्त, मिक्सरपेक्षा कितीतरी कमी, पण भिंतीला थेट स्क्रू केला तर शेजारच्या खोलीत घुमतो, रबर वॉशर टाकून घ्या. पाणी वाहायला लागलं की पंप चालू करणारा फ्लो स्विच असल्यामुळे नळ अगदी बारीक सोडला तर सुरूच होत नाही, आणि उलट रात्री दोनला कुणी फ्लश केलं की टाकी भरेपर्यंत भुणभुण चालू. लाइट गेली तरी पाणी आतून वाहत राहतं, हे आवडलं. झटकन बंद होणारा लिव्हरचा नळ असेल तर खटकन बंद करू नका, वेगात असलेलं पाणी एकदम थांबलं की पाइपात धाडकन हादरा बसतो, सेकंदाला मीटरभर वेगाचं पाणी लोखंडी पाइपात क्षणात अडवलं तर १३-१४ बारचा झटका बसू शकतो, आमच्या बेसिनचा कनेक्टर त्यातच गळायला लागला. आणि हा पंप टाकीनंतरच लावायचा, म्युनिसिपालिटीच्या लाइनवर थेट लावून खेचायला परवानगी नाही, शिवाय लाइनला कुठे चीर असेल तर गटारातलं पाणीही आत ओढलं जातं.

पाचपैकी साडेतीन स्टार. अर्धा कापलाय तो बॉक्सवरच्या आकड्यांसाठी, एक त्या रात्रीच्या भुणभुणीसाठी. दुकानदाराला दोनच, एकदाही विचारलं नाही की ताई तुमची लाइन किती जुनी आहे. काकांना पाच, त्यांनी कापलेल्या पाइपचा वीतभर तुकडा आईकडे दिलाय, ती आल्या-गेल्याला तो दाखवते आणि स्वतः अजून बादली-तांब्यानेच आंघोळ करते.